कोंड्यातली सळसळ

मुलगी सुट्टीला घरी आली त्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी दोनदा म्हणालो, की कुणाचा तरी माइक चालू राहिलाय, प्लीज म्यूट करा. कुणीतरी पातळ कागद चुरगाळतंय, असा बारीक, न थांबणारा आवाज येत होता. सगळ्यांनी आपापले माइक तपासले. बाकी कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मग हेडफोन काढल्यावर माझ्या लक्षात आलं, की आवाज माझ्या पाठीमागून, कपड्यांच्या कपाटातून येतो आहे. तिथे माझ्या मुलीच्या अळ्या गव्हाचा कोंडा खात होत्या.

किती अळ्या, हे मी त्याच संध्याकाळी काढलं. शंभर अळ्या मोजल्या, तिच्या छोट्या काट्यावर ठेवल्या, मग ट्रेचं वजन करून भागाकार केला. सहा ट्रेंमध्ये मिळून अकरा हजारांच्या आसपास. हे कुणी विचारलं नव्हतं. पण एखादी गोष्ट घरात आहे आणि ती किती आहे हे ठाऊक नाही, अशा अवस्थेत मला बसवत नाही. कार्पेटवाल्याने खोली मोजून दिली तरी तो गेल्यावर मी टेप काढतो.

मुलगी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी मास्टर्स करते. तिचा विषय आहे मीलवर्म, म्हणजे पिठात आणि साठवलेल्या धान्यात होणारा एक भुंगेरा आणि त्याची पिवळी, कडक, बोटाच्या पेराएवढी अळी. गोदामात ती कीड आहे. तिच्या प्रयोगशाळेत तीच अळी खाद्य आहे: माशांना, कोंबड्यांना, आणि खायची तयारी असेल तर माणसांनाही. कमी पाण्यात, कमी जागेत, टाकाऊ भुशावर वाढते. मुलीनं दर पिढीतल्या भराभर वाढणाऱ्या अळ्या वेगळ्या काढून त्यांचीच पुढची पिढी करायची, असं करत पाचवी पिढी गाठली होती. प्रबंध सगळा या पाचव्या पिढीवर उभा होता. पुन्हा पहिल्यापासून पाच पिढ्या करायला तिच्याजवळ वेळ नव्हता. स्कॉलरशिपची मुदत त्याआधीच संपत होती.

डिसेंबरच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या इमारतीचं हीटिंग दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं. अळ्यांना सत्तावीस अंश लागतात. रूममेट्सनी अपार्टमेंटमध्ये ठेवायला साफ नकार दिला. म्हणून गाईडची परवानगी घेऊन तिनं सगळे ट्रे गाडीत घातले आणि पूर्ण हीटर लावून, स्वतः घामाघूम होत, दक्षिणेला, मॉरिसव्हिलला घरी आली.

त्या वेळी माझी आई नागपूरहून आमच्याकडे आलेली होती. तिनं दारातच विचारलं, "काय आणलंस गं एवढं?"

"मीलवर्म्स, आजी. माझ्या रिसर्चचे."

आईनं झाकण उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "आयुष्यभर जे निवडून निवडून बाहेर टाकलं," ती माझ्या बायकोला म्हणाली, "ते हिनं गाडीत बसवून आणलं. सीटबेल्ट लावला होतास का त्यांना?"

"लावला होता," मुलगी म्हणाली. खरंच लावला होता.

ट्रे माझ्या कामाच्या खोलीत होते; पहिले काही दिवस आई तिकडे फिरकली नाही. वरच्या मजल्यावरचा तिचा वावर थांबला आणि प्रत्येक पोळी लाटताना पीठ चाळणीतून दोनदा जायला लागलं. मुलीनं एक बरणी आणली होती, चाट मसाला लावून भाजलेल्या अळ्यांची. "जस्ट ट्राय करा, शेंगदाण्यासारखं लागतं." बायको म्हणाली, "खा तू. पण माझ्या कढईत भाजायच्या नाहीत." आई म्हणाली, "आमच्या माहेरी कोंबडीच्या पिलांना वाळवी घालायचे शेजारी. ढेकूळ फोडून आणायचे. पिलं कशी टणटणीत व्हायची. ते पिलांनी खायचं, आपण नाही. संपलं."

"एक्झॅक्टली, आजी! तेच तर करतेय मी. कोंबड्यांसाठी."

"मग तसं सांग ना. काहून इथे बरणीत भरून आणलं?"

माझ्याविषयी सांगायचं तर मी तेव्हा फार अस्वस्थ होतो, आणि कारण अळ्या नव्हत्या. आमच्या ऑफिसात माणसं कमी करणार, अशी कुजबुज होती. प्रत्येक मीटिंगचं आमंत्रण आलं, की आधी ते कुणाकडून आलंय ते पाहायचो. अशा काळात मुलीनं सरळ कॉम्प्युटरचा अभ्यास न करता अळ्या धरल्या, हेही टोचत असायचं. बोलून दाखवत नव्हतो इतकंच. मग दोन मीटिंगांच्या मधे मी कपाट उघडायचो आणि थर्मामीटर बघायचो. सत्तावीस. पुन्हा अर्ध्या तासानं सत्तावीस. बायको चहा घेऊन आली, की म्हणायची, "अहो, ताप आलाय का त्यांना? सारखं काय बघताय?"

आवाजाची मात्र हळूहळू सवय झाली. बरंच वाटायला लागलं. इतकी तोंडं एकाच वेळी चालू आहेत आणि कुणालाही कसलीही भीती नाही, असं काहीतरी त्यात होतं.

आई वर आली ती त्या आवाजामुळेच. मी तिला बोलावलं नव्हतं. एका दुपारी माझी मीटिंग संपल्यावर मागे पाहिलं, तर ती कपाटासमोर खुर्ची घेऊन बसलेली. म्हणाली, "पाऊस पडतोय असं वाटलं. म्हणून आले." बराच वेळ बसली. मग मुलीला हाक मारून तिनं सगळं विचारून घेतलं: पाणी कसं पितात? पीत नाहीत, गाजराची चकती ठेवायची, ती कुरतडतात. झोपतात का? मोठ्या होऊन काय होतात? मुलीनं सातवा, वेगळा ट्रे दाखवला, त्यात कोष होते: पांढरट, हात-पाय पोटाशी घेतलेले, हलवलं तर जरासे वळवळणारे. "हे काही खात नाहीत. आतल्या आत बदलतात आणि भुंगेरे होऊन बाहेर पडतात."

"उपासाला बसलेत म्हण की," आई म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्यांना 'पोरं' म्हणायला लागली. मुलगी खूश. मीही. आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या कोंड्याची पिशवी संपत आली आहे, आता फीड स्टोअरला, जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, जायला हवं, असं मुलगी म्हणाली, तेव्हा आईला ते अजिबात पटलं नाही.

"कोंडा काय विकत आणायचा? घरात गहू आहे, गिरणी आहे."

गहू होता हे खरं. तयार पिठाच्या पोळ्या आईला आवडत नाहीत म्हणून आम्ही एक घरगुती गिरणी घेतली आहे, आणि आई आली, की पहिल्याच आठवड्यात इंडियन ग्रोसरीतून गव्हाच्या पिशव्या आणून गॅरेजमधलं मोठं पिंप भरते. तिच्या सवयीप्रमाणे सगळं वर्षाचं एकदम.

तिनं जाडसर दळलं, चाळलं, आणि परातभर कोंडा वर आणला. तांबूस, हलका, ताजा वास येणारा. मुलीनं चिमूट उचलून हुंगली.

"यात काही मिक्स नाही ना, आजी?"

"नाही गं बाई. मीठसुद्धा नाही."

हे वाक्य मी माझ्या खुर्चीत बसून ऐकलं.

नंतर दोन दिवसांनी मुलगी टेक्सासला गेली. तिथल्या एका कंपनीत मुलाखत होती; अळ्यांपासून माशांचं खाद्य करणारी कंपनी. मुक्काम फ्रिस्कोला माझ्या मेहुणीकडे. जाताना तिनं मला सगळं समजावून दिलं: जुनी पिशवी आधी संपवायची, मग आजीचा कोंडा. जुना जेमतेम एका ट्रेपुरता होता. मी तो सहाव्या ट्रेला, सगळ्यांत लहान अळ्यांना घातला आणि बाकी पाच ट्रेंना आईचा. मुलीनं फोनवर सांगितलं, की दर एक दिवसाआड प्रत्येक ट्रेमधल्या शंभर अळ्यांचं वजन करत जा. मी रोज करत होतो.

मुलाखत चांगली झाली. तिनं मावशीच्या घरातूनच फोन केला, मागे टीव्हीचा गोंधळ चालू होता. "बाबा, दे आर सिरियस. त्यांना माझी लाइन बघायची आहे. मेमध्ये डिग्री झाली, की लगेच जॉइन, असं म्हणाले." लाइन म्हणजे या पाच पिढ्या. मी म्हणालो, लाइन इथे मजेत आहे, काळजी करू नको. त्या क्षणी ते खरं होतं, निदान माझ्या आकड्यांप्रमाणे.

मग बर्फाळ पावसाचा इशारा आला. इथे बर्फ क्वचित पडतो, पण जेव्हा पाऊस पडता पडता गोठतो तेव्हा रस्त्यांची काच होते आणि सगळं बंद. तिची फ्लाइट कॅन्सल झाली. दुकानं बंद झाली. आम्ही तिघं घरात, आणि वीज जाईल का, या धास्तीनं मी थर्मामीटरपाशी.

वीज गेली नाही. पण एका सकाळी मी मीटिंगला बसलो आणि मला सहकाऱ्यांचं बोलणं फार स्पष्ट ऐकू यायला लागलं. बराच वेळ मला कळलंच नाही काय बदललंय. मग हेडफोन काढला. सळसळ होती, पण पूर्वीच्या निम्मीही नव्हती.

थर्मामीटर सत्तावीसवर होता. वजन केलं. आदल्या दिवशी दुसऱ्या ट्रेमधल्या शंभर अळ्या ९.१ ग्रॅम भरल्या होत्या. आता ८.७. वाढणारी अळी कमी होत नाही. मी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवल्या. ८.७. तिसरा ट्रे, तेच. चौथा, तेच. काही अळ्या कोंड्याच्या वर येऊन पडल्या होत्या, आणि एरवी उजेड पडला की त्या घाईनं खाली शिरतात, तशा शिरत नव्हत्या.

व्हिडिओ कॉलवर मुलीनं मला एकेक गोष्ट तपासायला लावली. ओलसर झालंय का? नाही. बुरशी? नाही. गाजर कोणतं? नेहमीचंच, सोलून. खोलीत काही फवारलंस? कार्पेट क्लीनर? रूम फ्रेशनर? नाही, नाही, नाही.

"मग काय आहे, बाबा?" तिचा आवाज चढला. "यार, काहीतरी असेलच ना!"

"असेल. बघतो."

"त्या मेल्या तर मी काय करू? आय कान्ट रीस्टार्ट. टाइमच नाही माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी ८.२. पहिल्या ट्रेमध्ये काळपट पडलेल्या अळ्या दिसायला लागल्या. मी ट्रेंखालची विजेवर तापणारी चटई बदलून पाहिली, ट्रेंच्या जागा अदलाबदल केल्या, गाजराऐवजी बटाटा ठेवला. ऑफिसच्या कामात माझं लक्ष नव्हतं. कुणी काही विचारलं तर 'पुन्हा सांगाल का' म्हणत होतो. आई दाराशी येऊन जायची. "आज पोरं गप्प काहून आहेत?" मी म्हणायचो, बघतोय.

ट्रेंच्या जागा बदलल्या तेव्हाच मला ते दिसायला हवं होतं. सहावा ट्रे आता कपाटाच्या खिडकीकडच्या, सगळ्यांत थंड कोपऱ्यात होता आणि तरीही त्याचा आवाज पूर्वीसारखाच येत होता. कान लावला. वजन केलं: ६.२ वरून ७.४. सगळं तेच, हवा तीच, गाजर तेच, माझे हात तेच. फरक एकच. या ट्रेला जुना कोंडा होता.

मी खाली गेलो. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आई, तो कोंडा कुठल्या गव्हाचा गं?"

"कुठला म्हणजे? आपलाच. पिंपातला."

गॅरेजमध्ये जाऊन मी पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात गव्हात घातला. बाहेर काढला तेव्हा तळवा पांढरा झाला होता, गुळगुळीत, बोटांच्या रेघा भरलेल्या. तो स्पर्श मी लहानपणापासून ओळखतो. दरवर्षी उन्हाळ्यात धान्य भरायचं, त्याला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर चोळायची, आणि आम्हां मुलांना ते काम फार आवडायचं, कारण हात असे मऊ व्हायचे. आई अजूनही नागपूरच्या औषधाच्या दुकानातून ती पावडर घेऊन येते. गॅरेजच्या फळीवर झुरळं मारायच्या पावडरचा एक डबा आहे. तो मी फिरवून पाहिला. आत काय आहे, ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तीच.

पावडर दाण्याच्या बाहेरून लागते. दाण्याचं बाहेरचं साल म्हणजेच कोंडा. पोळ्यांचा गहू आई दोन-तीन पाण्यांतून धुऊन, वाळवून मगच दळते. हा धुतला नसणार. किड्यांसाठी कोण धुवेल? दळलेल्या गव्हावरची जवळजवळ सगळी पावडर त्या परातीत आली होती.

मी वर धावलो. पाचही ट्रे चाळले, अळ्या वेगळ्या काढल्या, आणि दुकानं बंद असल्यामुळे घरातले ओट्स घातले, जे डॉक्टरांनी मला कोलेस्टेरॉलसाठी सांगितले आहेत आणि जे मी खात नाही. मग मुलीला फोन केला. तिनं एवढंच विचारलं, "किती वाचतील?"

"सहावा ट्रे ठीक आहे. कोष ठीक असतील, ते खातच नाहीत. बाकीचे सांगता येत नाही."

"बाबा, आजीला सांगू नको. प्लीज. ती इतकी मनापासून करत होती."

मी म्हणालो, तू आधी घरी ये. तिनं ते हो धरलं असावं.

रस्ते मोकळे झाल्यावर ती आली. आम्ही डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, स्टीलची दोन ताटं घेतली आणि निवडायला बसलो. हलणाऱ्या एका ताटात, न हलणाऱ्या दुसऱ्यात. बोटानं जरा ढकलायचं आणि वाट बघायची. हे हळू काम आहे. मुलगी ओठ घट्ट मिटून काम करत होती. दुसरं ताट भरत चाललं होतं.

आई आली, चष्मा लावला, आमच्यामधे खुर्ची ओढून बसली आणि काही न विचारता निवडायला लागली. आमच्या दोघांपेक्षा तिचा हात भराभर चालत होता. काही वेळानं तिनं दुसऱ्या ताटाकडे पाहिलं.

"एवढी कशानं गेली गं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "थंडीनं, आजी. खूप थंडी पडली ना."

कपाट सत्तावीस अंशावर होतं. मी दर अर्ध्या तासानं पाहत होतो. ते खोटं वाक्य टेबलावर पडलं आणि मला तिथे बसणं अशक्य झालं. मी उठलो, सिंकपर्यंत गेलो, ग्लासभर पाणी घेतलं, ते न पिता परत आलो.

"थंडीनं नाही, आई. गव्हाला पावडर होती, त्यानं."

"बाबा!"

आईचा हात थांबला. "कोणती पावडर?"

"बोरिक."

"माझी?"

नळाशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं पाणी बंद केलं. आई ताटाकडे पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पण मी मीठसुद्धा घातलं नव्हतं रे."

"हो. मी ऐकलं होतं."

"आपला तर मी धुऊन घेते," ती म्हणाली. तिचं तिनंच पुढे चालवलं. "यांचा नाही धुतला. म्हटलं, यांना काय." तिनं एक अळी बोटानं ढकलली. ती हलली नाही. तरी तिनं दुसऱ्यांदा ढकलून पाहिली आणि मग ताटात टाकली. "कीड मरावी म्हणूनच लावते की मी ती. आणि हे माझ्या ध्यानातच नाही आलं. हे कीड आहेत, हेच विसरले मी."

मुलगी उठली आणि तिच्या गळ्यात पडली. "आजी, इट्स माय फॉल्ट. मी विचारायला पाहिजे होतं, लावलंय काय. मला माहीतच नव्हतं लोक काही लावतात म्हणून." आई तिच्या पाठीवर हात फिरवत होती, पण नजर ताटावर होती. "बस," ती म्हणाली. "आधी हे संपव. त्यात अजून जिवंत आहेत."

संध्याकाळी मुलीनं मला गॅरेजमध्ये गाठलं. "का सांगितलं? काय बदललं त्यानं? आता ती जेवलीसुद्धा नाही नीट."

मी म्हणालो, "तुझ्या प्रबंधात काय लिहिणार होतीस? थंडी?"

तिनं नजर पिंपाकडे वळवली.

"माझ्याकडे रोजचं तापमान आहे. ते सत्तावीस आहे. तुला तिथे खरं लिहावं लागेल, आणि इथे एक आणि तिथे एक असं मला जमत नाही. शिवाय पुढच्या वेळी ती पुन्हा पिंप भरेल, पुन्हा पावडर लावेल, तू पुन्हा येशील."

"यू आर इम्पॉसिबल, बाबा," ती म्हणाली. रागानं म्हणाली. ते मी इथे गोड करून सांगणार नाही; जाईपर्यंत ती माझ्याशी मोजकंच बोलली.

पाच ट्रेंमधून एका ट्रेच्या तळाला जेमतेम पुरतील एवढ्या वाचल्या. सहावा ट्रे पूर्ण होता. कोषांतून जानेवारीत भुंगेरे निघाले, आधी पांढरे, मग तांबूस, मग काळे. मुलगी ते सगळं घेऊन परत गेली. जाताना सहाव्या ट्रेमधल्या काही अळ्या तिनं माझ्याकडेच ठेवल्या. "बॅकअप," ती म्हणाली. बॅकअप एकाच ठिकाणी ठेवू नये, हे तिला मीच लहानपणी शिकवलं होतं, तिच्या शाळेच्या प्रोजेक्टच्या वेळी.

आईनं परत जाण्याआधी पिंपातला सगळा गहू धुतला. जानेवारीतलं कोरडं ऊन पडलं होतं. मागच्या डेकवर चादरी पसरून तिनं तो वाळत घातला आणि काठी घेऊन खारींना हाकलत बसली. शेजारीण कुंपणापाशी येऊन विचारून गेली, हे काय चाललंय. आईनं हातानंच दाखवलं: खायचं. दिवसभर थंडीत बसल्यामुळे तिचा घसा धरला, तरी उठली नाही. वाळलेला गहू पिंपात भरताना मला म्हणाली, "आता याला कीड लागेल बरं का. लक्ष ठेवशील?"

"ठेवीन."

"तू ठेवशील," ती म्हणाली. "तुला तेवढंच येतं."

मेमध्ये मुलीला डिग्री मिळाली नाही. गाईडनं डिसेंबरपर्यंत मुदत वाढवून दिली, पण टेक्सासची कंपनी थांबली नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. प्रबंधात एक परिच्छेद आहे, मला तिनं तपासायला पाठवला होता. त्यात घरच्या कोंड्याचं आणि बोरिक पावडरचं स्पष्ट लिहिलं आहे, वजनांसकट. माझे आकडे तिनं जसेच्या तसे घेतलेत. सोबत काही लिहिलं नव्हतं. मी एका ठिकाणी दशांश चिन्ह दुरुस्त करून परत पाठवला. सहावी पिढी तिकडे वाढते आहे. पाचवीसारखी भराभर आहे की नाही, ते अजून सांगता येत नाही, असं ती म्हणते.

माझी नोकरी अजून आहे. कुजबुजही आहे. रोज सकाळी मी आधी गॅरेजमधल्या पिंपाचं झाकण उघडतो आणि काही दिसू नये म्हणून बघतो, मग वर येऊन कपाटातल्या ट्रेचं झाकण उघडतो आणि दिसावं म्हणून बघतो. या रविवारी पिंपात एक सोंडा दिसला. गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी, चिमुकल्या सोंडेचा. मी त्याला नखावर घेतलं आणि उभा राहिलो. मग नागपूरला फोन लावला.

"ऊन दाखव," आई म्हणाली. "चादरीवर पातळ पसर. पावडर नको लावू."

"नाही लावत."

"आणि वरची पोरं?"

"वाजताहेत."

"फोन धर बरं तिथे."

मी वर गेलो, झाकण काढलं आणि फोन ट्रेच्या अगदी जवळ नेला. जरा वेळानं कानाला लावला.

"काही नाही येत रे ऐकू."

फोन असले बारीक आवाज गाळून टाकतो, हे मला माहीत आहे. तरी मी खाली वाकलो, कान कोंड्याला टेकेल इतका, आणि श्वास रोखून ऐकलं.

"वाजताहेत, आई," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. शंभराचं वजन करून सांगतो, थांब."